मसविदेवाले वकीलसाहेब

भित्री माणसं मी पुष्कळ पाहिली. पालीला भिणारी, इन्स्पेक्टरला भिणारी, बायकोला भिणारी तर ढिगानं. पण अजून न झालेल्या गोष्टीला इतक्या शिस्तीत आणि इतक्या अभ्यासानं भिणारा माणूस आयुष्यात एकच पाहिला. माझं नशीब असं की नोकरीची पहिली काही वर्षं मी त्यांच्याच घरात भाड्यानं राहिले, आणि ती भीती मलाही चिकटली ती चिकटलीच.

मी परभणीत वाढलेली. पालमच्या शाळेवर शिक्षिका म्हणून ऑर्डर निघाली तेव्हा आईनं तोंडाला पदर लावला. पालम म्हणजे तेव्हा आठवडी बाजाराचं गाव. एकट्या मुलीला खोली कोण देणार? शेवटी कुणीतरी वकीलसाहेबांचं घर सुचवलं. घर पाहून आईचा जीव भांड्यात पडला, कारण त्या माळवदाच्या घराला जितक्या कड्या होत्या तितक्या गावातल्या देवळाला नव्हत्या. पुढच्या दाराला वर कडी, खाली कडी, मध्ये आडणा. मला मात्र पहिल्याच संध्याकाळी वाटलं, एवढं कुणाला अडवायला?

गाव त्यांना वकीलसाहेब म्हणत असलं तरी वकिली त्यांनी फारशी केलेली नव्हती. निजामाच्या अमलात हैदराबादला उर्दूतून कायदा शिकून आले, थोडे दिवस कोर्टात उभे राहिले आणि काळा कोट खुंटीला टांगला. कारण विचारलं तर म्हणायचे, "कोर्टात येतोय तो माणूस बुडालेला असतोय, बाई. मला काठावर उभं ऱ्हायचं होतं." शेती बटईनं दिलेली होती, त्यावर घर चालायचं. घरात ते आणि माई, दोघंच. दोन लेकरं झाली आणि राहिली नाहीत, असं शेजारीण एकदा माझ्या कानाशी पुटपुटली होती. त्यावर त्या घरात कधी शब्द निघाला नाही.

वर्तमानपत्र एसटीनं यायचं, तेही एक दिवस शिळं. वकीलसाहेब ते शेवटाकडून वाचायचे. मोठ्या मथळ्यांकडं बघायचेसुद्धा नाहीत. कोपऱ्यातल्या चार ओळींवर बोट ठेवून, ओठ हलवत, एकेक शब्द चावत जायचे. मी हसले की चष्म्यावरून बघायचे.

"मोठ्या अक्षरातली बातमी होऊन गेलेली असती, बाई. तिला काय भ्यायचं? भ्यायचं ते बारक्या अक्षरातलीला. ती अजून यायलीय."

त्या बारक्या अक्षरात त्यांना हवं असायचं ते सापडलं की माईंना हाक जायची, "आज माझी भाकर नको करू." दिल्लीत किंवा मुंबईत एखाद्या नव्या कायद्याचा विचार चालू आहे, एवढ्यानं त्या माणसाची भूक मरायची. आपण ज्याला मसुदा म्हणतो त्याला ते मसविदा म्हणत. समोरच्यानं चुकून कायदा म्हटलं की अंगावर धावून जायचे. "कायदा न्हाई! मसविदा म्हणा! दस्तखत झाल्याबिगर कायदा म्हणायचं न्हाई!" या एका शब्दापायी त्यांनी आमच्या हेडमास्तरांशी बोलणं टाकलं होतं.

आणि मग बाजाराच्या दिवशी, गर्दी ओसरली की पारावर त्यांचा तो प्रकार चालायचा. जमलेल्या माणसांना ते देशभर उभे करायचे. "तू केरळ. तू राजस्थान, जरा लांब सरक. तू पूर्णा, तिकडं रेल्वेच्या अंगाला उभा ऱ्हा. तू डोंगराकडची गावं." गावच्या न्हाव्याला दिल्ली व्हायची भारी हौस. एकदा दिल्ली झाला की पारावरून उतरायचा नाही. एका मेंढपाळाला नेहमी राजस्थान मिळायचं. त्यानं एकदा विचारलं, "साहेब, आमच्याकडं पाऊस कवा हाय?" मी एकदा बंगाल होते. उन्हात तासभर उभी होते आणि मला शेवटपर्यंत कुणी काही विचारलं नाही.

सगळे जागेवर उभे राहिले की वकीलसाहेब मसविद्याचं एकेक कलम सांगायचे आणि प्रत्येकापुढं जाऊन विचारायचे, "तुझ्या इलाक्यात काय होईल?" ज्वारी जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी येणार अशी बारीक बातमी होती तेव्हाचं मला आठवतं. ते पूर्णेपुढं उभे राहिले. "हा रेल्वेत चढला की जरा डोळा लागेपतुर जिल्हा संपतोय. ह्याच्या फडक्यातली भाकर ज्वारीचीच हाय का न्हाई?" मग पालमच्या माणसापुढं. "आन् ह्यानं लोह्याला दिलेल्या लेकीला पायलीभर ज्वारी धाडली की हा चोर." मग सगळ्यांकडं वळून म्हणाले, "वरण सगळ्यांच्या पानात सारखंच वाढायलेत. पण कुणाच्या पानात भात हाय, कुणाच्या पानात भाकर हाय आन् कुणाचं पान रिकामंच हाय, ते बगा की!"

लोक हसत जमायचे आणि गप्प होऊन घरी जायचे. त्या संध्याकाळी गावात दारं लवकर लागायची. मीही माझ्या खोलीत दिवा मोठा करून बसायचे. माणूस खोटं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत होती.

आणीबाणीत एक पोलीस जमादार पारावर आला. त्यानं विचारलं, "ह्यातलं राजस्थान कोण?" मेंढपाळ हात जोडून म्हणाला, "म्या न्हाई साहेब, म्या पालमचाच." जमादार हसला नाही. सगळ्यांकडं एकदा नीट बघून तो निघून गेला. त्या दिवसापासून वकीलसाहेब पारावर गेले नाहीत. जीपचा आवाज आला की खुंटीवरचा काळा कोट चढवायचे, कपड्यांची पिशवी मांडीवर घ्यायचे आणि दाराकडं तोंड करून बाजेवर बसायचे. माई आतून म्हणायच्या, "काढा तो कोट, दवाखान्याची गाडी हाय." तरी ते आवाज पार विरेपर्यंत हलायचे नाहीत. आजही घराबाहेर अनोळखी गाडी थांबली की मी आधी पडद्याआडून बघते.

आणीबाणी उठली. लोक मोकळं बोलायला लागले आणि वकीलसाहेब पुन्हा बारीक अक्षरं वाचायला लागले. एक दिवस त्यांना हवी ती बातमी सापडली. मुलीचं लग्नाचं वय अठरा करायचं आणि मुलाचं एकवीस, असा विचार दिल्लीत चालू होता. तोवर मुलीला पंधरा पूर्ण झाली की कायद्याला चालायचं. मला तर नाचावंसं वाटलं. माझ्या वर्गातल्या किती मुली दरवर्षी हळद लावून नाहीशा व्हायच्या!

"चांगलाच आहे की हो!" मी म्हणाले.

"चांगला हाय म्हणूनच भ्या वाटायलंय," ते म्हणाले. "वाईटाला लोक येशीवरच वळखतात. चांगल्याला कुणी विचारीतच न्हाई, तू कुटं काय करशील म्हणून."

या खेपेला त्यांनी पारावर भागवलं नाही. एसटीनं जिथवर जाता येईल तिथवर, आणि पुढं पायी, असे ते डोंगराकडच्या गावांना निघाले. पिशवीत भाकरी, मीठ आणि पाण्याचा तांब्या, कारण परगावच्या पाण्यालाही ते भ्यायचे. एका रविवारी मीही बरोबर गेले होते. त्या गावच्या देवळापुढं ते जे बोलले तसं स्पष्ट बोलणं मी पुढं कुठल्या पुढाऱ्याच्या तोंडून ऐकलं नाही.

"केरळात पोरी आत्ताच अठराच्या फुडं लगीन करत्यात. तिथं हा मसविदा आला काय न् गेला काय. पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरातली पोरगी ती तीन वर्सं शाळेत जाईल. पण तुमच्या गावात शाळा चौथीपतुर. पंधरा ते अठरा, पोरगी करील काय? बापानं रानात जायचं का पोरगी राखायची? ती तीन वर्सं सगळ्या मुलखात सारखी न्हाईत. म्हणून म्हणतो, आत्ताच सरकारला लिवा. आमाला आधी शाळा द्या, मंग तीन वर्सं मागा."

लोक माना डोलावत होते. एक म्हातारा उठून त्यांच्या पाया पडला. परतीच्या वाटेवर वकीलसाहेब मला खुशीत दिसले, आणि ते खुशीत दिसण्याची मला इतकी सवय नव्हती की मी दोनदा वळून पाहिलं.

मारोती कासार हा माईंचा जुना माणूस. तो आणि त्याची बायको बांगड्यांच्या पेट्या घेऊन एसटीनं बाजारोबाजार हिंडायचे. पालमचा बाजार असला की मारोती माईंना बांगड्या भरायला घरी यायचा. त्याची मुलगी कुशावर्ता, आम्ही तिला कुशी म्हणायचो, माझ्या नववीच्या वर्गात होती. पंधरा पूर्ण, हाडकुळी, गणितात अशी तल्लख की फळ्यावरची माझी चूक ती हात वर न करताच सांगायची.

त्या दिवशी मारोती ओट्यावर पेटी उघडून बसला होता. चेहरा उजळलेला.

"वकीलसाहेब, तुमच्या किरपेनं औंदा माल पुरंना. पोरींच्या मापाचा हिरवा सगळा खपला. बायांच्या मापाचा तसाच पडलाय."

वकीलसाहेब वर्तमानपत्र वाचत होते. बोट थांबलं. "पोरींच्या मापाचा? लग्नाचा चुडा?"

"चुडाच की. येवढ्या येवढ्या पोरी." मारोतीनं अंगठा आणि तर्जनी जुळवून मनगट किती ते दाखवलं.

"कोणच्या बाजारात?"

"पूर्णेत न्हाई. परभणीकडं तर न्हाईच. हे सगळं डोंगराच्या अंगाला." मग तो अगदी आदरानं म्हणाला, "तुमी गेला होता न्हाई का, त्याच गावांत. लोक तुमचं नाव काढायलेत. म्हणत्यात, वकीलसाहेबांनी येळेवर सांगितलं, न्हाई तर तीन वर्सं पोरी घरात घेऊन बसावं लागलं असतं."

वकीलसाहेबांच्या हातातून वर्तमानपत्र घसरलं. मारोती ते उचलून देत म्हणाला, "म्या बी आता कुशीचं उरकायलोय. फुडल्या बाजारापतुर चुडा भरतो. काय करावं, चांगली पोरं संपायलेत."

मारोती गेल्यावर वकीलसाहेबांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग भिंतीकडं बघत सांगायला लागले. माईंशी त्यांचं लग्न झालं तेव्हा माई आठ वर्षांच्या होत्या आणि ते मिसरूड न फुटलेले. त्यांचं मूळ गाव पैनगंगेच्या काठी. पलीकडं वऱ्हाड, म्हणजे इंग्रजांचा मुलूख, अलीकडं निजामाचा. इंग्रजी मुलखात लहान मुलींच्या लग्नाला बंदी येणार अशी आवई नदी ओलांडून आली आणि अलीकडच्या काठावरही लग्नांची झुंबड उडाली.

"आमच्याकडं तो कायदा लागूच व्हायचा न्हवता, बाई. मुलूखच येगळा. पण कुणी सांगायला न्हवतं. म्हणून म्या ठरवलं, आपुन सांगायचं. कुटं लागतंय, कुटं न्हाई, कुणाला काय होईल, सगळं सांगायचं." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "सगळं सांगितलं की हो म्या."

मला त्यांची दया आली आणि रागही आला. राग जास्त आला, कारण दुसऱ्या दिवशी कुशी शाळेत आली नाही. संध्याकाळी ती माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"बाई, माझं नाव कमी करू नका."

"नाही करणार. तू बोललीस का आईशी?"

"आई म्हणती, बाजाराला गेल्यावर तिचं ध्यान घराकडंच असतंय. म्या एकली असती म्हणून. मागं एकदा कुणीतरी कडी वाजवून गेलं, ते म्या आईला सांगितलं. सांगाया नको होतं का बाई?"

मी तिला जवळ घेतलं. दुसरं काय करणार होते?

वकीलसाहेब आणि मी मारोतीच्या घरी गेलो. त्यांनी तासभर समजावलं. मुलीच्या शाळेचं सांगितलं, अंगानं अजून पोर आहे म्हणाले, डोंगराकडच्या लोकांनी चूक केली म्हणाले. मारोती मान खाली घालून ऐकत होता. मग अगदी नम्रपणे म्हणाला, "साहेब, पोरगी पंधरा पुरी हाय. तुमीच म्हणता, अजून कायदा न्हाई, मसविदाच हाय. मंग मला कोण अडवतंय?"

"कुणी न्हाई," वकीलसाहेब म्हणाले.

घरी आल्यावर मी भडकले. भाडेकरू आहे, बाईमाणूस आहे, लहान आहे, सगळं विसरले. "सांगून टाका ना, कायदा झाला म्हणून! मांडवात पोलीस येतील म्हणून सांगा! तुमच्यावर त्यांचा विश्वास आहे. एका शब्दानं मुलगी वाचेल!"

ते बाजेवर बसले. "म्या मसविद्याला कायदा म्हणलं, की माझ्यात आन् त्या नदीवरून आलेल्या आवईत काय फरक ऱ्हायला? आज येक लगीन थांबंल. उद्या दुसरा कुणी माझ्या नावानं काय बी पसरवंल. लोक पुन्हा पळतील. मला त्याचं भ्या वाटतंय, बाई."

"तुम्हांला सगळ्याचंच भ्या वाटतं," मी म्हणाले. माई चुलीपाशी भाकरी थापत होत्या. थापण्याचा आवाज मध्येच थांबला होता, हे मला पुष्कळ उशिरा जाणवलं.

चुड्याच्या दिवशी दुपारी माईंनी जरीचं लुगडं नेसलं आणि पुढच्या दाराच्या कड्या स्वतः काढल्या. माई बाजाराच्या रस्त्यानं चालत गेलेल्या मी तोवर कधी पाहिल्या नव्हत्या. वकीलसाहेब मागं आले. "तू कुटं निघालीस?" माई ओटा उतरल्या. आम्ही दोघं त्यांच्या मागोमाग निघालो.

मारोतीच्या घरात बायका जमल्या होत्या. कुशी पाटावर बसलेली, कपाळाला मळवट, डोळे सुजलेले. मारोतीनं तिचा हात हातात घेतला होता. तिच्या मापाचा माल सगळा डोंगराकडं खपला होता आणि पेटीत उरला होता तो एक माप लहान. पण मारोतीच्या हाताची ख्याती अशी की कसलाही पंजा तो दाबून, चोळून, बोटं जुळवून बांगडीत घालायचा. त्यानं पहिली हिरवी बांगडी तिच्या बोटांवर चढवली. अंगठ्याच्या हाडाशी ती अडली. कुशीनं दात ओठांवर रोवले. मारोती दाब देत होता. मला काच तडकल्याचा भास झाला आणि मी डोळे मिटले.

"थांब, मारोती."

माई पुढं झाल्या. मारोतीसमोर बसल्या. आपला उजवा हात त्यांनी त्याच्यापुढं धरला आणि अंगठ्याच्या बुडाशी बोट ठेवलं. तिथं एक पांढरट, वेडावाकडा वण होता.

"इतकी वर्सं मला बांगड्या भरायलास. हा वण तुला दिसला न्हाई व्हय?"

"दिसला की माई. त्याला चुकवूनच भरतो."

"कशाचा हाय, इचारलंस का कधी?"

मारोतीनं कुशीच्या हातावरचा दाब सैल केला.

"माझ्या लग्नाचा हाय. अशीच घाई. गावोगाव लग्नं, पोरींच्या मापाचा चुडा संपलेला. कासार म्हणाला, बसंल तसं बसवू. हितंच अडली आन् हितंच फुटली. काच आत गेली. म्या वरडले तर बायांनी तोंड दाबलं. चुड्याला रगत लागलेलं दिसलं तर अपशकुन म्हणं. हाताला फडकं गुंडाळलं, पदराखाली झाकला आन् तसंच मांडवात नेऊन उभं केलं." त्यांनी कुशीकडं पाहिलं. "आठ वर्साची होते म्या. ही पंधराची हाय म्हणतोस. हात तर बग तिचा."

मारोती त्या वणाकडं बघत होता. मग लेकीच्या हाताकडं. बांगडी अजून अंगठ्याशीच अडकलेली होती आणि तिच्याभोवतीची कातडी लाल झाली होती. आयुष्यभर त्यानं बायकांचे हात हातात घेतलेले. त्या क्षणी त्याला काय वाटलं ते मी सांगू शकत नाही. त्यानं बांगडी हळूच मागं ओढली. ती निघाली. कुशीनं दुसऱ्या हातानं पंजा घट्ट धरला आणि मोठ्यानं रडायला लागली.

मारोतीची बायको पुढं आली. "माई, तुमचं खरं हाय. पण बाजाराच्या दिवशी पोरगी एकली असती. लोकांच्या नजरा हायत. आमी काय करावं?"

"माझ्याकडं आणून सोड. दारांना कड्या हायत पुष्कळ. निस्त्या आमच्यासाठी लावतोय त्या."

"आन् पोराकडच्यांना काय सांगू?" मारोती म्हणाला.

"सांग, मापाचा चुडा न्हाई," माई म्हणाल्या. "कासाराच्याच घरी न्हाई म्हणावं."

कुशीचं लग्न त्या वर्षी झालं नाही. बाजाराच्या दिवशी ती वकीलसाहेबांच्या घरी येऊन अभ्यास करायची, मॅट्रिक झाली, पुढं नर्सिंगला परभणीला गेली. मसविद्याचा कायदा झाला, दस्तखत झालं, अमलातही आला. वकीलसाहेबांनी त्या दिवशी कलमं सांगायला कुणाला बोलावलं नाही. पाराकडं ते पुन्हा फिरकले नाहीत, लोक बोलवायला आले तरी.

डोंगराकडच्या ज्या मुली तोवर गेल्या होत्या त्या गेल्याच होत्या. वर्ष उलटल्यावर त्यांतल्या काही आमच्या घरावरून दवाखान्याकडं जायला लागल्या. एसटीतून उतरायच्या, हातभर हिरवी काच, पोट पुढं, कुणाच्या तरी मागं पाय ओढत. वकीलसाहेब खिडकीच्या गजाआड उभे राहून बघायचे. एकही नजरेतून सुटू द्यायचे नाहीत. संध्याकाळी ती परत एसटीकडं जाताना दिसेपर्यंत त्यांना चैन पडायचं नाही. एक जण दिसलीच नाही. त्या दिवशी ते अंधार पडेपर्यंत गजाला धरून उभे होते. तिचं नाव आम्हांला माहीत नव्हतं, गावही माहीत नव्हतं, आणि विचारायचं तरी कुणाला? मी दिवा लावून आणला तर म्हणाले, "नको. बाहेरचं दिसत न्हाई."

पण मला ते आठवतात ते खिडकीतले नाहीत. मला ते आठवतात त्या चुड्याच्या दिवशी मारोतीच्या घरून परतताना. माई पुढं, मी मध्ये, आणि ते मागं. इतके मागं पडले की मी दोनदा थांबले. मांडवात अंतरपाटाच्या पलीकडं उभा असलेला मुलगा तेच होते, आणि अलीकडं पदराखाली झाकलेल्या हाताचं त्यांना त्या दुपारी कळलं होतं. बाजाराच्या रस्त्यावर माणसं त्यांना रामराम घालत होती आणि त्यांना ते ऐकू येत नव्हतं. घर जवळ आलं तशी त्यांनी पावलं उचलली, मला ओलांडून माईंच्या बरोबरीला आले. इतक्या हलक्या आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"लय दुखलं का गं?"

माई चालत राहिल्या. मान वळवली नाही.

"कवाचं म्हणता?" त्या म्हणाल्या.